अकरावा दगड

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. या नोकरीला तीस वर्षं होत आली. ती मला कशी मिळाली हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. गेल्या भाऊबिजेला एका माणसाला सांगितलं, आणि सगळ्यात आधी जिला सांगायला हवं होतं तीच ती, माझी मोठी बहीण. नोकरी तिची होती. मी ती एका दुपारी, टीव्हीच्या पडद्यावरचा एक दगड एक चौकोन उजवीकडे सरकवून घेतली.

वडिलांची लोणारला टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. बसस्टँडजवळ एक लांबट खोली, तिच्यात बारा मशिनी, आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. सकाळी सातपासून खडखडाट सुरू व्हायचा. ताई मराठी टायपिंग शिकवायची. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. बारावीनंतर तिला घरूनच परीक्षा द्यायला लावली आणि मला मेहकरला कॉलेजात घातलं. ती घरी बसून पास झाली. मी कॉलेजात जाऊन दुसऱ्या वर्षाला नापास झालो आणि परत आलो. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलताना नेहमी तिच्याकडे बघायचे.

आमच्यात माया नव्हती. लोक म्हणतात की भावाबहिणीची भांडणं वरवरची असतात, आत प्रेम असतं. आमचं आतही भांडणच होतं. ती माझ्या उच्चारांना हसायची, मी तिच्या चष्म्याला. तिला कॉलेजात पाठवलं नाही याचा राग ती माझ्यावर काढायची, आणि मी नापास झालो याचा राग मी तिच्यावर. जेवायला आम्ही पाठीला पाठ लावून बसायचो. आई मध्ये भाकरी वाढत राहायची.

आमच्या गल्लीत कापडाचं दुकान असलेले एक चाचा होते. त्यांचा मुलगा आखातात नोकरीला. तो एकदा सुट्टीवर येताना कॉम्प्युटर घेऊन आला. आताच्यासारखा नव्हे. पाटीएवढी काळी पेटी, तिच्यावर रबरी बटणं. ती टीव्हीला जोडायची आणि तिला टेपरेकॉर्डर लावायचा, कारण तिच्यातलं सगळं कॅसेटवर असायचं. मुलगा पेटी घरात टाकून परत गेला. चाचांनी ती बाबांकडे आणली. म्हणाले, "तुमच्याकडे बारा महिने लोक बसून बटणंच तर दाबतात. ठेवा तुमच्याकडे." बाबांनी दुसऱ्या दिवशी दारावरच्या पाटीवर 'टायपिंग'च्या खाली 'कॉम्प्युटर' असं रंगवून घेतलं. त्या दिवशी आमच्या घरात कोणालाही त्या पेटीतलं काहीही येत नव्हतं.

पेटीबरोबर तीन कॅसेटी होत्या. दोन कधी चालल्याच नाहीत. तिसरीत एक खेळ होता. कॅसेट लावली की टीव्हीवर पट्टे नाचायचे आणि पिठाच्या गिरणीचा पट्टा सुटल्यासारखा आवाज यायचा. पाच-सहा मिनिटं तो आवाज ऐकायचा, आणि शेवटी बहुतेक वेळा खेळ यायचाच नाही. टेपरेकॉर्डरच्या आत एक बारीक स्क्रू होता. तो पेचकसाने केसभर फिरवला की आवाज स्वच्छ व्हायचा आणि खेळ यायचा. ते मला जमायचं. घरात एवढी एकच गोष्ट मला येत होती आणि ताईला येत नव्हती.

खेळ साधा होता. पडद्यावर एक बंद खोली, वरून दिसणारी. तिच्यात एक माणूस, काही दगड, काही पाण्याचे खड्डे आणि एक दार. माणूस दगड ढकलू शकायचा, ओढू शकायचा नाही. एका वेळी एकच दगड. दगड खड्ड्यात ढकलला की तो बुडायचा आणि वरून वाट व्हायची. वाट करत करत दारापर्यंत पोचायचं. एखादा दगड भिंतीला चिकटला की संपलं. तो भिंतीच्या कडेकडेने सरकवता यायचा, पण भिंतीपासून सोडवता यायचा नाही. मग खोली पहिल्यापासून सुरू करायची.

कॅसेटच्या पहिल्या बाजूला अशा वीस खोल्या होत्या. दुसऱ्या बाजूला काय आहे हे ताईने शब्दकोश घेऊन वाचून काढलं. तिथे स्वतःच्या खोल्या बांधायचं साहित्य होतं. रिकामा पडदा यायचा, वीस चौकोन आडवे, चौदा उभे. एक बटण दाबलं की भिंत, दुसरं दाबलं की दगड, तिसऱ्याने पाणी. खोली बांधायची, कॅसेटवर उतरवायची, आणि मग आपणच किंवा दुसऱ्याने ती खेळायची.

वीस खोल्या ताईने पंधरा दिवसांत सोडवल्या. मला बाराव्या खोलीच्या पुढे जाता आलं नाही. म्हणून मी बांधायला लागलो. माझी पहिली खोली मी तीन दिवस खपून बांधली आणि मोठ्या तोऱ्यात तिला खेळायला बसवली. ती लसूण सोलत होती. डाव्या हाताने बटणं दाबत, उजव्या हातातली पाकळी न टाकता, ती दोन मिनिटांत दारातून बाहेर पडली.

"ही खोली नाई बे, धर्मशाळा हाय," ती म्हणाली. "कोणीबी येते, कोणीबी जाते."

मी म्हणालो की पुढची बघशील. पुढचीही तिने तशीच सोडवली. माझ्या खोल्यांत दगड खूप असायचे. पाच खड्डे असले तर मी दहा दगड ठेवायचो. एखादा भिंतीला अडकला तरी दुसरा असायचा. तिने एकदा बाबांच्या समोर मोजून दाखवलं, याचे दगड किती, खड्डे किती. "याले सवयच हाय," ती म्हणाली, "दहा टाकाचे, त्यातले पाच नापास." बाबा हसले. मी त्या हसण्याला विसरलो नाही.

तिच्या खोल्या वेगळ्याच असायच्या. त्या ती कागदावर काढत नसे. सकाळी सडा टाकल्यावर इन्स्टिट्यूटच्या दारात ती ठिपक्यांची रांगोळी काढायची. गल्लीत तिच्या रांगोळीचं नाव होतं. आता ती वीस बाय चौदा ठिपके टाकू लागली. मध्ये रेघा ओढून भिंती करायची, ओल्या हळदीकुंकवाचे टिपके म्हणजे पाणी, आणि दगडांच्या जागी चिंचोके. मग उकिडवी बसून एकेक चिंचोका बोटाने ढकलत ती सगळी खोली तिथेच सोडवून बघायची. टायपिंगला येणाऱ्या मुली तिच्याभोवती उभ्या राहायच्या. खोली सुटली की ती आत येऊन ठिपके मोजत मोजत पडद्यावर चढवायची. बाहेरची रांगोळी तोवर पायाखाली पुसून जायची. कागद नाही, वही नाही. कॅसेटवर असेल तेवढंच.

आणि तिच्या खोलीत जेवढे खड्डे तेवढेच दगड. एकही जास्त नाही. यात तिचा अभिमान होता. "फालतू दगड ठेवला म्हणजे बांधणाराले आपल्यावर भरोसा नाई," असं ती म्हणायची. तिची सहा दगडांची एक खोली मी महिनाभर खेळलो. सुटली नाही. मी तिला कधी विचारलंही नाही. ती रोज माझ्या मागून जाताना पडद्याकडे बघायची आणि काही न बोलता पुढे जायची. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

त्याच वर्षी तालुक्यातल्या एका शाळेला सरकारी योजनेतून दोन कॉम्प्युटर आले. ते हेडमास्तरांच्या खोलीतल्या कपाटात कुलूप लावून ठेवलेले होते, वर मखमली कापड घालून. शाळेत कोणाला ते लावता येत नव्हते. संस्थेच्या सचिवांनी ठरवलं की शिकवायला कोणीतरी घ्यायचं. गावात पाटीवर 'कॉम्प्युटर' लिहिलेलं ठिकाण एकच होतं. ते बाबांना बाजारात भेटले आणि बाबांनी सांगून टाकलं, माझी मुलगी नुसता कॉम्प्युटर चालवत नाही, त्याच्यावर खेळ तयार करते. सचिव म्हणाले, शुक्रवारी चार वाजता येऊन बघतो.

मी तिथेच उभा होतो. बाबांनी माझं नाव काढलं नाही. काढायचं कारणही नव्हतं. पण मला वाटलं होतं, निदान टेप लावणारा म्हणून तरी काढतील.

ताईला ती नोकरी किती हवी होती हे मला माहीत होतं. तिने ते बोलून दाखवलं नाही, पण तिने आईची जांभळी साडी इस्त्रीला दिली आणि चष्म्याची तुटलेली दांडी दोऱ्याने बांधली होती ती बदलून आणली. घराबाहेर पडून, सकाळी डबा घेऊन, शाळेत जाऊन शिकवायचं. मला कॉलेजात पाठवल्यापासून ती याचीच वाट बघत होती. गुरुवारी सकाळी तिने नवी खोली काढली. अकरा खड्डे, अकरा दगड. तिने चिंचोके चार वेळा मांडून चार वेळा सोडवली. मी खिडकीतून मोजत होतो. चौपन्न वेळा ढकललं. मग तिने ती पडद्यावर चढवली, मी कॅसेटवर उतरवली, आणि कॅसेट मागे फिरवतोय तोच लाईट गेली. खेळून बघायचं राहिलं. ती म्हणाली, उद्या बघू.

शुक्रवारी सकाळी लाईट नव्हती. दुपारी एकच्या सुमारास आली. नळाला पाणी नव्हतं म्हणून ताई आणि आई सरोवराच्या काठच्या झऱ्यावर, धारेवर, पाणी आणायला गेल्या होत्या. बाबा पोहे आणायला बाजारात. घरात मी एकटा होतो.

मी आधी फक्त बघायला म्हणून कॅसेट लावली, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खरं नाही. पेचकस हातात घेतला तेव्हाच मला माहीत होतं. खोली आली. मी ती खेळून बघितली नाही. मला ती सुटलीच नसती. मला एवढंच कळत होतं की दगड अकरा आहेत आणि खड्डे अकरा. कोणताही एक दगड मेला की खोली मेली. उजव्या भिंतीला लागून एकही खड्डा नव्हता, आणि भिंतीपासून एक चौकोन सोडून एक दगड होता. मी तो पुसला आणि भिंतीला चिकटवून ठेवला. पडद्यावर बघितलं तर काही बदललंय असं वाटतही नव्हतं. मग मी ते जुन्यावर उतरवलं. गिरणीच्या पट्ट्यासारखा तो आवाज शेवटपर्यंत ऐकला. कॅसेट मागे फिरवून होती तशी ठेवली आणि दारात जाऊन उभा राहिलो. त्या दोघी डोक्यावर हंडे घेऊन रस्त्याच्या टोकाला दिसत होत्या. मी पुढे जाऊन ताईच्या डोक्यावरचा हंडा घेतला. ती म्हणाली, "आज काऊन रे इतका चांगला?"

चारला सचिव आले, हेडमास्तर आले, त्यांचे एक विज्ञानाचे शिक्षक आले. बाराही मशिनी बंद ठेवल्या होत्या. मी टेप लावली. खोली पहिल्याच वेळी आली. ताईने खेळ समजावून सांगितला, फार छान सांगितला. विज्ञानाचे शिक्षक मान डोलावत होते. मग ती खेळायला बसली.

ती पडद्याकडे बघून खेळत नव्हती. आदल्या सकाळच्या चिंचोक्यांच्या आठवणीवर खेळत होती, बोटं मराठी टायपिंगसारखी भराभर. सात दगड बुडाले. आठ, नऊ, दहा. मग ती थांबली. शेवटचा खड्डा दारासमोर होता आणि शेवटचा दगड भिंतीला. तिने खोली पुन्हा सुरू केली. आता हळू. पुन्हा तिथेच. तिसऱ्या वेळी तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला मागून दिसल्या. सचिवांनी बशीतले पोहे संपवले, चमचा बशीत ठेवला आणि म्हणाले, "स्वतः बांधलेल्या खोलीतून स्वतःलेच निंघता येत नाई, पोराईले काय शिकवसान बाई?"

कोणी हसलं नाही, हसले असते तर तेही बरं झालं असतं. बाबा माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात त्या दिवशी पहिल्यांदा विनवणी होती. "तुले येते ना रे काही? दाखव."

मी माझी धर्मशाळा लावली. दहा दगड, पाच खड्डे. मी एका मिनिटात बाहेर पडलो. हेडमास्तरांनी टाळी वाजवली. सचिव उठता उठता बाबांना म्हणाले की मुलीचं काय, ती आज आहे उद्या सासरी. मुलाला सोमवारपासून पाठवा, पदवी पुढे करून घेऊ.

ते गेल्यावर ताईने बांधायची बाजू लावायला सांगितली. मी लावली. ती पडद्याला बोट लावून चौकोन मोजत राहिली. उजवीकडून, डावीकडून. त्या दगडावर बोट ठेवून ती थांबली. "हा इथं नव्हता," ती म्हणाली. बाबा तिथेच खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नसते. मोजाले चुकली तू." ती माझ्याकडे वळली.

"तू काही केलं काय?"

"म्या कायले करू?"

"आईची शपथ घे."

आई चुलीजवळ होती. बशा विसळत होती. मी म्हणालो, "आईची शपथ."

एवढं पुरलं. आमच्या घरात आईची शपथ खोटी कोणी घेत नसे, आणि ताईच्या मनात माझ्याविषयी कितीही वाईट असलं तरी मी तेवढा खाली जाईन असं तिला वाटलं नाही. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "मंग म्याच चुकली." जांभळी साडी बदलून ती भाकरी करायला बसली.

सोमवारी मी शाळेत गेलो. कपाटाचं कुलूप उघडलं, मखमल काढली. पुढे पदवी केली, कायम झालो. आता पगार, घर, मुलांची शिक्षणं, सगळं त्या एका चौकोनावर उभं आहे. आई त्यानंतर सात वर्षं होती. तिला साधा ताप आला तरी मी रात्रंदिवस तिच्या उशाशी बसायचो. लोक म्हणायचे, मुलगा असावा तर असा. शेवटच्या आजारात ती मला म्हणाली की तू फार केलंस. मी उठून बाहेर गेलो.

ताईचं लग्न दोन वर्षांनी झालं. भावजींचं हिवरा आश्रमला वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान. ती त्या दुकानात बसते. तिने त्या शुक्रवारनंतर बटणांना हात लावला नाही; आता मोबाईलसुद्धा मुलगी लावून देते. आणि रांगोळी सोडली. आमच्या दारात त्यानंतर आई दोन रेघांचं स्वस्तिक काढायची. कोणी विचारलं तर ताई म्हणायची, ठिपके चुकतात माझे.

हे मी सहन केलं असतं. माणूस पुष्कळ सहन करतो, विशेषतः दुसऱ्याचं. पण दर भाऊबिजेला मी तिच्याकडे जातो, आणि दर वर्षी मला एक गोष्ट बघावी लागते. ती कोणतीही गोष्ट मोजते आणि मग दुसऱ्याला मोजायला लावते. करंज्या डब्यात भरताना मोजते, मुलीला म्हणते, तू मोज. गिऱ्हाईकाला बारा वह्या देते आणि त्यालाच सांगते, मोजून घ्या, माझा भरोसा नाही. भावजी चेष्टा करतात. "तुमच्या बहिणीले एक ते दहा येत नाईत मास्तर, तुम्ही कॉम्प्युटरवर शिकवा." मीही हसायचो. अठ्ठावीस भाऊबिजांना मी हसलो.

गेल्या वर्षी पाटावर बसलो होतो. तिने ताट आणलं, निरांजन लावलं, ताटात सुपारी, अक्षता, फराळाची बशी. मग ती आतल्या मुलीला हाक मारून म्हणाली, "पाह्य बरं, पाच वाती हायत ना?" पाचच होत्या. समोर दिसत होत्या.

मी म्हणालो, "ताई, ओवाळू नको. आधी ऐक."

मी सांगितलं. पेचकस, दुपार, धार, दगड. शपथेचंही सांगितलं, जरी ते तिला माहीत होतं. सांगताना मी रडेन असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला तसं हवंही होतं. रडू आलं नाही. ती ताट हातात धरून उभी होती. मग तिने ते खाली ठेवलं आणि मुलीला दुकानात तिच्या बाबांपाशी जाऊन बसायला सांगितलं. दार लोटून घेतलं.

"आईची शपथ घेतली व्हती तू," ती म्हणाली.

मी हो म्हणालो.

"आन् आज काऊन सांगतलं?"

मी म्हणालो की आता राहवत नाही, छातीवर ओझं आहे.

"म्हणजे मोकळा व्हाले आला तू माह्या घरी," ती म्हणाली. "तीस वरीस गप राह्यला, त मरेलोक गप राह्यता येत नव्हतं? तुह्यी नोकरी झाली, पोरं शिकली, आता ओझं झालं. मले कोण मोकळं करते?"

ती खाली बसली. ताटातल्या अक्षता मुठीत घेतल्या आणि फरशीवर तांदळाच्या दाण्यांनी भिंती मांडायला लागली. मला आधी कळलंच नाही ती काय करते आहे. मग तिने चिवड्याची बशी ओढली, त्यातले चुरमुरे वेचून पाणी केलं. शेंगदाणे वेचले. अकरा वेचले, तळहातावर घेतले, मोजले. सवयीने मान वर करून माझ्याकडे बघितलं, दुसऱ्याने मोजावं म्हणून. मग बघणं थांबवलं आणि स्वतःच पुन्हा मोजले.

एकेक शेंगदाणा तिने जागेवर ठेवला. एकदाही अडली नाही. शेवटचा तिने उजव्या भिंतीपासून एक चौकोन सोडून ठेवला, मी हलवण्याआधी होता तिथे. मग सुपारी घेतली, तो माणूस, आणि ढकलायला लागली. तोंडाने आकडे म्हणत होती. मी पाटावर बसून बघत होतो, तीस वर्षांपूर्वी खिडकीतून बघत होतो तसाच. दहावा शेंगदाणा बुडाला. अकरावा भिंतीपासून निघाला, दोन चौकोन खाली, मग डावीकडे, आणि दारासमोरच्या चुरमुऱ्यावर जाऊन बसला. सुपारी त्याच्यावरून दारात गेली.

"चौपन्न," ती म्हणाली.

तिचा चेहरा मऊ झाला नव्हता. तिथे आनंदही होता असं मला वाटतं, पण तो माझ्यासाठी नव्हता आणि तो बघायचा मला हक्कही नव्हता. तेवढ्यात निरांजनातलं तूप संपलं आणि वाती एकामागोमाग एक विझल्या. तिने बघितलं. पुन्हा लावल्या नाहीत.

"बरोबर व्हती माह्यी," ती म्हणाली, फरशीला. मग मला, माझ्याकडे न बघता, "जाय आता. मेहकरची गाडी हाय साडेचारले. पुढच्या वर्षी ये का नको, ते मी सांगीन."

मी उठलो. तिच्यासाठी आणलेली साडी कोपऱ्यात होती, तिथेच राहिली. तिने डबा भरून दिला नाही. दुकानात भावजींनी विचारलं, इतक्या लवकर? मी म्हणालो, गाडी आहे. ते पुढे म्हणाले, "करंज्या मोजून दिल्या का?" आणि हसले. मी दारातून मागे पाहिलं. ती अजून फरशीवर बसली होती. खोली मोडली नव्हती तिने. सगळे शेंगदाणे पुन्हा पहिल्या जागी मांडत होती.

गाडीत गर्दी होती. सगळे भाऊ बहिणींकडून परतत होते, मांडीवर फराळाचे डबे, कपाळावर ओले कुंकू, कोणाच्या केसांत अक्षता अडकलेल्या. कंडक्टर ओळखीचा होता, माझ्याकडे शिकलेला. त्याच्याही कपाळावर टिळा होता. तिकीट फाडताना त्याने माझ्या कपाळाकडे बघितलं.

"सर, बहीण नाही काय तुम्हाले?"

"आहे," मी म्हणालो, आणि तिकीट खिशात ठेवलं.